नद्या, तलाव आणि भूजल यांचे आरोग्य कसे तपासावे

मुठेचे पाणी कसे आहे, असे पुण्यात कुणी विचारले, तर सांगणाऱ्याने आधी तीन गोष्टी उलट विचारून घ्याव्यात: कुठले पाणी, केव्हाचे आणि कशासाठी लागणारे? खडकवासल्याच्या धरणातले पाणी शुद्धीकरणानंतर शहर पिते. तीच नदी भिडे पुलापाशी पोहोचते तेव्हा उन्हाळ्यात नाकाला रुमाल लावावा लागतो. दोन्ही ठिकाणचे आकडे खरे असतात, पण त्यांची सरासरी काढली तर जो आकडा मिळतो तो कुठल्याच घाटावरच्या पाण्याचा नसतो. देशाच्या पाण्याचा अहवाल अशा हजारो नोंदींवर उभा राहतो. म्हणून देशाचे पाणी जोखू पाहणाऱ्याने एक घाट, एक तलाव आणि एक विहीर नीट तपासायला आधी शिकावे. पुणे या शिक्षणाला सोयीचे आहे, कारण धरणे, शहरातून वाहणाऱ्या नद्या, जुने तलाव आणि काळ्या कातळातले भूजल हे सगळे इथे एका दिवसाच्या फेरीत पाहता येते.

पहिले काम निकष ठरवण्याचे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने भूपृष्ठावरील पाण्याचे वापरानुसार पाच वर्ग केले आहेत. केवळ निर्जंतुक करून पिता येईल अशा ‘अ’ वर्गाच्या पाण्यात दर लिटरला किमान ६ मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू असावा आणि बीओडी, म्हणजे सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणूंना लागणाऱ्या प्राणवायूचे माप, २ मिलिग्रॅमच्या आत असावे. नदीत स्नान करायचे असेल तर प्राणवायू किमान ५ आणि बीओडी कमाल ३ चालते. नेहमीची शुद्धीकरण प्रक्रिया करून पिण्यासाठी घ्यायच्या पाण्यात प्राणवायू किमान ४ आणि बीओडी ३ पर्यंत असावी लागते. मासे आणि वन्यजीवांसाठीच्या वर्गात प्राणवायू किमान ४ हवा आणि मुक्त अमोनिया १.२ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. शेवटचा वर्ग सिंचनाचा आहे आणि तो प्राणवायूचे नावही काढत नाही. तिथे सामू (पीएच), क्षार, सोडियमचे प्रमाण आणि बोरॉन एवढेच पाहिले जाते. त्यामुळे एखाद्या अहवालात पाणी ‘समाधानकारक’ आहे असे लिहिले असेल, तर ते कोणत्या वर्गाच्या निकषावर, हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. उसाला चालणारे पाणी माशाला मारू शकते.

नदी: आधी प्रवाह, मग गुण

नदीवर गेलेला माणूस बाटली काढून नमुना भरायला धावतो. माझ्या मते ही सुरुवातच चुकीची आहे. आधी नदीत किती पाणी वाहते आहे ते मोजावे. खडकवासल्यातून पाणी कालव्याने पुढे जाते. पावसाळ्याव्यतिरिक्त नदीपात्रात धरणाचे पाणी फारसे सोडले जात नाही. शहरात मुठेत तेव्हा जे वाहताना दिसते त्यात पाझर, ओढे, नाले, प्रक्रिया केलेले आणि न केलेले सांडपाणी यांचाच वाटा मोठा असतो. नदी वाहते आहे की नाही, यापेक्षा ती कशाच्या बळावर वाहते आहे हे समजणे अधिक महत्त्वाचे आहे, आणि ते प्रवाह मोजल्याशिवाय समजत नाही.

साधी रीत अशी. पात्राचा सरळ, फारसे खडक नसलेला वीसेक मीटरचा टप्पा निवडावा. आडवी दोरी बांधून दर मीटर-दोन मीटरला काठीने खोली मोजावी आणि त्यावरून पाण्याच्या छेदाचे क्षेत्रफळ काढावे. मग संत्रे किंवा नारळ यांसारखी अर्धीअधिक बुडून तरंगणारी वस्तू सोडून ती टप्पा किती सेकंदांत पार करते ते पाच-सहा वेळा, पात्राच्या वेगवेगळ्या भागांत मोजावे. पृष्ठभागाचा वेग तळापेक्षा जास्त असतो, म्हणून आलेल्या वेगाला साधारण ०.८५ने गुणावे. समजा, रुंदी १२ मीटर, सरासरी खोली अर्धा मीटर आणि फळाला २० मीटर जायला ५० सेकंद लागले. छेद ६ चौरस मीटर, वेग ०.४ मीटर, दुरुस्त वेग ०.३४ मीटर, म्हणजे प्रवाह सेकंदाला सुमारे २ घनमीटर झाला. पावसाळ्यात आपण वर्तमानपत्रात धरणाचा विसर्ग ज्या क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला घनफुटांत वाचतो, त्या मापात तो ७२ क्युसेक भरतो. पूर असताना किंवा धरणातून विसर्ग सुरू असताना हा प्रयोग करू नये, पाण्यात उतरू तर मुळीच नये.

प्रवाह का हवा, ते एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. उन्हाळ्यात ५ घनमीटर प्रवाहात बीओडी १० मिलिग्रॅम आहे, आणि पावसाळ्यात ५०० घनमीटर प्रवाहात ती ३ मिलिग्रॅम आहे. बाटलीतले आकडे पाहिले तर पावसाळ्यात नदी सुधारली असे वाटेल. पण प्रवाह आणि बीओडी यांचा गुणाकार केला तर उन्हाळ्यात दिवसाला सव्वाचार टनांच्या आसपास आणि पावसाळ्यात जवळजवळ १३० टन बीओडीचा भार नदीतून खाली जातो आहे. मुळा-मुठेचे हे पाणी पुढे भीमेला आणि भीमेतून उजनीला मिळते, म्हणून उजनीच्या काठावरच्या माणसाला पुण्याच्या बाटलीतल्या आकड्यापेक्षा हा भाराचा आकडा जास्त कामाचा आहे.

नमुन्याच्या जागा निवडताना शहराच्या वरची एक जागा हवीच, नाहीतर तुलना कशाशी करणार? त्यानंतर प्रत्येक मोठ्या नाल्याच्या आणि संगमाच्या खाली एकेक जागा घ्यावी. मात्र अगदी संगमावर घेऊ नये. दापोडीला पवना मुळेला मिळते, संगमवाडीला मुळा आणि मुठा एकत्र येतात. अशा ठिकाणी दोन्ही पाणी बरेच अंतर शेजारी शेजारी चालतात आणि डाव्या काठाचा नमुना उजव्या काठाशी जुळत नाही. पाणी मिसळेपर्यंत खाली जावे, किंवा पात्राच्या रुंदीत तीन ठिकाणी नमुने घ्यावेत. बंधाऱ्याजवळही हीच सावधगिरी लागते. बंडगार्डनसारख्या ठिकाणी बंधाऱ्यावरून पाणी कोसळताना हवा खाते, त्यामुळे खालच्या बाजूला प्राणवायू वाढलेला दिसतो. तेवढ्याने नदी बरी झाली असे होत नाही, घाण होती तितकीच खाली गेलेली असते.

नमुना घेताना पाण्याच्या वरच्या थरावरचा तवंग टाळून सुमारे एक वीत ते हातभर खाली, प्रवाह जिकडून येतो तिकडे तोंड करून बाटली भरावी. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळावी. जिवाणूंच्या तपासणीची निर्जंतुक बाटली मात्र कधीही विसळू नये. नमुने बर्फाच्या पेटीत ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचवावेत. तापमान, सामू, विद्युतवाहकता आणि प्राणवायू या चार गोष्टी जागेवरच मोजाव्यात, कारण वाहतुकीत त्या बदलतात. हातमोजे आणि गमबूट घालावेत. नाल्याच्या पाण्यात उघड्या जखमेने हात घालणे म्हणजे लेप्टोस्पायरोसिसला आमंत्रण आहे.

प्राणवायूसाठी मीटर नसेल तर विंकलरची रीत वापरावी. १८८८ पासून चालत आलेली ही रीत नवशिक्याने एकदा तरी स्वतः करावी, कारण तिच्यात पाण्याची अवस्था डोळ्यांना दिसते. बुडबुडा न राहील अशी बाटली काठोकाठ भरायची, तिच्यात मँगनीज सल्फेट आणि नंतर अल्कधर्मी आयोडाइडचे द्रावण घालायचे. पाण्यात प्राणवायू असेल तर तांबूस-तपकिरी साका खाली बसतो, नसेल तर तो पांढराच राहतो. शहरातल्या एखाद्या नाल्याच्या मुखाशी हा पांढरा साका पाहिला की पुढचे गणित न करताही पुष्कळ कळते. पुढे आम्ल घालून, पिष्टाची दर्शकद्रव्य म्हणून मदत घेऊन, थायोसल्फेटने अनुमापन (टायट्रेशन) केले की नेमका आकडा मिळतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे. इथे २५ अंश तापमानाला स्वच्छ पाण्यात लिटरला पावणेआठ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो. आपल्या आकड्याची तुलना या कमाल मर्यादेशी करावी. बीओडीची चाचणी आपल्याकडे २७ अंश तापमानाला ३ दिवस केली जाते. परदेशी अहवालांतला आकडा बहुधा २० अंश आणि ५ दिवसांचा असतो, तेव्हा दोन्ही आकडे शेजारी ठेवण्यापूर्वी तळटीप वाचावी.

या बीओडीवरच केंद्रीय मंडळ प्रदूषित नदीपट्टे ठरवते. ३ मिलिग्रॅमच्या वर गेलेला पट्टा यादीत येतो, आणि ३०च्या वर गेलेला पहिल्या प्राधान्याचा ठरतो. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या यादीत देशात असे ३११ पट्टे होते. त्यांतले ५५ महाराष्ट्रात, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक होते. हा आकडा लाजिरवाणा आहेच, पण वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवावी: जिथे मोजमाप केंद्रेच नाहीत तिथे नदी यादीत येत नाही.

रसायनांचा आकडा त्या क्षणापुरता असतो. दगडाखालचे किडे मात्र गेल्या काही महिन्यांची हकिकत सांगतात. ताम्हिणीकडच्या ओढ्यात पावसाळा सरल्यावर पाण्यातला दगड उलटा केला तर मेफ्लाय आणि कॅडिसफ्लाय यांच्या अळ्या चिकटलेल्या सापडतात. त्यांना भरपूर प्राणवायू लागतो. तेच शहराखाली गाळात पाहिले तर लाल रंगाच्या कायरोनोमिड अळ्या आणि ट्युबिफेक्स जंत दिसतात. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असल्यामुळे ते तुटपुंज्या प्राणवायूवर निभावतात. दर जागी ठरावीक वेळ, समजा दहा मिनिटे, एकाच जाळीने किडे गोळा करावेत, कुळे मोजावीत आणि कोणती कुळे संवेदनशील आहेत ते नोंदवून किडे परत सोडून द्यावेत. कोळ्यांनाही विचारावे. जाळ्यात मरळ, वांब यांऐवजी नुसती चिलापी येऊ लागली असेल, तर तो प्रयोगशाळेइतकाच बोलका निकाल आहे. आळंदीला इंद्रायणीवर येणारा पांढरा फेस लोकांच्या लगेच डोळ्यांत भरतो, पण फेस हे एकच लक्षण धरून चालू नये. फेस नसलेल्या, संथ आणि काळ्या डोहात प्राणवायू शून्य असू शकतो.

तलाव

तलावाच्या बाबतीत मी स्वतः एकदा फसलो आहे. पाषाण तलावावर दुपारी तीनच्या सुमारास मोजलेला प्राणवायू इतका उत्तम निघाला, की पाणी सुधारल्याची नोंद वहीत केली. शैवालाने हिरव्या झालेल्या पाण्यात दुपारी प्रकाशसंश्लेषणामुळे प्राणवायू मर्यादेपेक्षाही वर चढतो आणि रात्रभर त्याच शैवालाच्या श्वसनाने तो उतरत जातो, हे ठाऊक असून विसरलो होतो. पुढच्या खेपेला सूर्योदयापूर्वी गेलो तेव्हा आकडा अगदीच वेगळा होता. तलावातले मासे पहाटे मरतात ते याच कारणाने. म्हणून तलावाचा प्राणवायू पहाटे आणि दुपारी, दोन्ही वेळा मोजावा. दोहोंतला फरक जितका मोठा, तितके पाणी नत्र आणि स्फुरदाने माजलेले समजावे.

पारदर्शकता मोजायला २० सेंटिमीटर व्यासाची, काळ्या-पांढऱ्या चतकोरांची सेकी तबकडी दोरीने सोडावी आणि ती दिसेनाशी होते ती खोली नोंदवावी. स्टीलच्या ताटलीला रंग देऊन ती घरी करता येते. गाळ गढूळपणा वाढवतो तसे शैवालही वाढवते, म्हणून पावसाळ्यातल्या आणि हिवाळ्यातल्या नोंदी एका तक्त्यात मिसळू नयेत. जलपर्णीने झाकलेल्या तलावात तबकडी सोडायलाच जागा उरत नाही. तिथे जलपर्णीचे क्षेत्र उपग्रह प्रतिमेवरून दर महिन्याला मोजावे. दरवर्षी यंत्राने जलपर्णी काढली जाते आणि तलाव ‘स्वच्छ’ झाल्याची बातमी येते. जलपर्णी हे लक्षण आहे. तिला पोसणारे नत्र-स्फुरद रामनदीसारख्या ओढ्यांतून येत राहिले तर ती पुन्हा पसरते, म्हणून तपासणी तलावात येणाऱ्या ओढ्याच्या तोंडाशी व्हायला हवी. तलावाची खोली दर काही वर्षांनी मोजून गाळ किती साचला तेही पाहावे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात ज्या कात्रजच्या तलावातून शहरात नळाने पाणी आले, त्याच्या बाबतीतही साठवणीचा अंदाज जुन्या नकाशावरून करता येत नाही.

भूजल

पुण्याखाली काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट आहे. त्याच्या अखंड थरात पाणी जवळजवळ राहत नाही. ते वरच्या मुरमात, भेगांत आणि सच्छिद्र थरांत साठते. परिणामी एका विहिरीला भरपूर पाझर असतो आणि शंभर पावलांवरची दुसरी मार्चमध्ये कोरडी पडते. इथे एका विहिरीवरून गावाचा निष्कर्ष काढता येत नाही. शक्यतो उघड्या विहिरी निवडाव्यात. खोल बोअर अनेक थरांचे पाणी एकत्र करते, त्यामुळे तिच्यातली पातळी नेमकी कोणत्या थराची ते समजत नाही.

पातळी मोजताना पंप किमान रात्रभर बंद असावा. एका सोसायटीत मी सकाळी मोजले तेव्हा पाणी दीड मीटर खाली गेलेले दिसले आणि सभासदांत घबराट पसरली. पहाटे पाचला टाक्या भरण्यासाठी पंप चालला होता, हे नंतर कळले. कठड्यावर रंगाने एक खूण करून दरवेळी तिथूनच मोजावे आणि कठड्याची उंची वजा करून जमिनीपासूनची खोली लिहावी. केंद्रीय भूजल मंडळ वर्षातून चार वेळा पातळी मोजते. सामान्य माणसाने मे आणि पावसाळा संपल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबर एवढे केले तरी दहा वर्षांत चांगला आलेख तयार होतो. एका वर्षाची चढउतार त्या वर्षीच्या पावसाची असते. दहा वर्षांच्या मे महिन्यांची रेघ खाली चालली असेल तर उपसा पुनर्भरणाच्या वर गेला आहे.

पातळीचा फरक हा पाण्याचा साठा नव्हे. एक चौरस किलोमीटर क्षेत्रात पातळी ५ मीटर वाढली, तर मुरमाड बेसाल्टात २ टक्के जागाच पाण्याची धरून साठा १ लाख घनमीटर, म्हणजे १० कोटी लिटर वाढतो. गंगेच्या खोऱ्यातल्या वाळूमिश्रित गाळात हीच जागा १२ टक्के धरली, तर तेवढ्याच चढाला सहापट पाणी लागते. देशाच्या नकाशावर दोन्हीकडे एकाच रंगाचा ठिपका असला तरी त्यांचा अर्थ एक नाही.

गुणवत्तेसाठी पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक पाहावे: विरघळलेले क्षार ५०० मिलिग्रॅमपर्यंत, दुसरा स्रोत नसेल तर २०००पर्यंत, नायट्रेट ४५, त्यात सवलत नाही, फ्लोराइड १, फार तर १.५, आणि १०० मिलिलिटरमध्ये ई-कोलाय हे मैल्यातून येणारे जिवाणू मुळीच नकोत. घरोघरी विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर असतो आणि त्याचा आकडा कमी आला की लोक निश्चिंत होतात. तो मीटर जिवाणू दाखवत नाही. २०२५च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या परिसरात जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले आणि दूषित पाण्याकडे संशयाचे बोट गेले, तेव्हा हा फरक पुणेकरांना नव्याने कळला. जिवाणू तपासायची हायड्रोजन सल्फाइडची कुपी स्वस्त असते. तिच्यात पाणी भरून एक-दोन दिवस उबदार जागी ठेवावी. काळी पडली तर पाणी न उकळता पिऊ नये आणि नमुना प्रयोगशाळेत द्यावा.

एका विहिरीपासून देशापर्यंत

नोंदी जमल्यावर त्यांची बेरीज कशी करायची, यावर अहवालाचा अर्थ ठरतो. २०२४च्या भूजल मूल्यांकनानुसार देशात दरवर्षी उपसता येण्याजोगे पाणी सुमारे ४०६ अब्ज घनमीटर आणि प्रत्यक्ष उपसा सुमारे २४६ अब्ज घनमीटर, म्हणजे जेमतेम ६० टक्के आहे. आकडा दिलासा देणारा वाटतो. पण त्याच मूल्यांकनात ६,७४६ घटकांपैकी (मूल्यांकनासाठी पाडलेले तालुक्यासारखे भाग) ७५१ घटकांत उपसा १०० टक्क्यांच्या वर आहे, आणि पंजाब, हरियाणा, राजस्थान ही राज्ये सरासरीनेच त्या रेषेपलीकडे आहेत. ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातले न उपसलेले पाणी पंजाबातल्या संगरूरच्या शेतकऱ्याला मिळत नाही. म्हणून सरासरीबरोबर प्रत्येक वर्गात किती घटक आहेत हे लिहावेच लागते.

संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत ६.३.२ हा निर्देशक आहे. त्यात नदी-तलावांसाठी प्राणवायू, क्षारता, नत्र, स्फुरद आणि आम्लता हे पाच गट, तर भूजलासाठी क्षारता, नायट्रेट आणि सामू पाहतात, आणि ८० टक्के मोजमापे मर्यादेत असतील तर त्या जलसाठ्याला ‘चांगला’ म्हणतात. युरोपीय संघाच्या २०००च्या जलधोरणात याहून कडक नियम आहे: सर्वांत वाईट घटक जो दर्जा ठरवेल तोच साऱ्या जलसाठ्याचा दर्जा. मला हा दुसरा नियम नदीला अधिक न्याय देणारा वाटतो, कारण सामू आणि क्षार उत्तम असूनही प्राणवायू शून्य असेल तर मासा जगत नाही. मात्र वर्षानुवर्षांची प्रगती दाखवायला तो गैरसोयीचा आहे. चार घटक सुधारले आणि एक राहिला तरी दर्जा जागचा हलत नाही. दोन्ही निकाल शेजारी छापणे उत्तम.

अहवाल लिहिताना प्रत्येक आकड्याशेजारी जागेचे अक्षांश-रेखांश, दिनांक, वेळ, त्या दिवसाचा प्रवाह किंवा पातळी, आदल्या तीन दिवसांचा पाऊस, चाचणीची रीत आणि प्रयोगशाळा यांचे रकाने ठेवावेत. दर दहा नमुन्यांमागे एक नमुना दुहेरी द्यावा आणि एक बाटली शुद्ध पाण्याची, खूण न सांगता पाठवावी. शुद्ध पाण्यात बीओडी ५ आली तर त्या दिवसाचे सगळे निकाल बाजूला ठेवावेत. एखाद्या महिन्यात पुरामुळे किंवा मीटर बिघडल्यामुळे मोजमाप झाले नाही, तर तो रकाना कोरा सोडून शेजारी कारण लिहावे. मागच्या महिन्याचा आकडा तिथे उतरवू नये.